दगड आणि त्याची नोंद

२५ ऑगस्ट १८६५ रोजी सकाळी बिहारमधील शेरघाटी या गावाजवळ मोठा गडगडाट होऊन आकाशातून एक दगड पडला. त्याचे वजन सुमारे पाच किलोग्रॅम होते. सरकारी अधिकाऱ्यांमार्फत तो कोलकात्याला पोहोचला आणि तेथील संग्रहात दाखल झाला. त्याची जागा, तारीख आणि वजन नोंदले गेले. गावाचे नाव इंग्रजीत ‘शेरगॉटी’ असे लिहिले गेल्यामुळे दगडाचे नावही शेरगॉटी असेच रूढ झाले. पुढे त्याचे छोटे तुकडे अभ्यासासाठी परदेशांतील संग्रहालयांना देण्यात आले. मुख्य तुकडा आजही कोलकात्यात आहे.

व्हिएन्ना येथील गुस्टाव चेर्माक यांनी १८७२ मध्ये या दगडाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना त्यात काचेसारखा एक पदार्थ आढळला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील खनिज विभागाचे प्रमुख मॅस्केलिन यांच्यावरून त्यांनी त्याला ‘मॅस्केलिनाइट’ असे नाव दिले. हा दगड नेहमीच्या उल्कापाषाणांसारखा नाही, एवढे तेव्हाच लक्षात आले होते. पण तो कोठून आला असावा, हे शोधण्याचे साधन त्या वेळी कोणाकडेच नव्हते.

ते साधन मिळायला शंभरांहून अधिक वर्षे जावी लागली. १९७६ मध्ये व्हायकिंग याने मंगळावर उतरली आणि तेथील हवेत कोणते वायू किती प्रमाणात आहेत, याची मोजमापे त्यांनी पृथ्वीवर पाठवली. १९७९-८० च्या मोहिमेत अंटार्क्टिकाच्या बर्फावर शेरगॉटीच्याच जातीचा एक दगड सापडला. त्यातील काचेत काही वायू अडकून राहिले होते. १९८३ मध्ये ते वायू मोजले गेले, तेव्हा त्यांचे प्रमाण मंगळाच्या हवेशी जुळत असल्याचे दिसले. अशा रीतीने शेरघाटीचा दगड पडल्यानंतर ११८ वर्षांनी त्याच्या मूळ घराचा पत्ता लागला. मंगळावरून आलेल्या दगडांच्या एका मोठ्या गटाला आज जगभर ‘शेरगॉटाइट’ म्हणतात. बिहारमधील एका गावाचे नाव ग्रहविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत असे कायमचे जाऊन बसले आहे.

या सगळ्या प्रवासात दगडाबरोबर एक चिठ्ठी होती. ती मध्येच हरवली असती तर? कपाटात एक काळपट दगड उरला असता. तो आकाशातून पडला होता की कोणी नदीकाठावरून उचलून आणला होता, हेही खात्रीने सांगता आले नसते. अशनीची नोंद हा अशनीचाच एक भाग असतो. म्हणूनच जगातील मोठी संग्रहालये दगडांइतकीच त्यांच्या नोंदवह्यांचीही काळजी घेतात. या लेखात आपण ही नोंद कशी केली जाते, तिच्यात काय काय असते आणि तिचा उपयोग कसा होतो, हे पाहू या.

नोंदीमुळेच पटलेली गोष्ट

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. अवकाशातून येणारा दगड हवेतून जाताना प्रकाशाची जी रेघ दिसते, ती उल्का. तो दगड पूर्ण जळून न जाता जमिनीवर पोहोचला, तर त्याला अशनी किंवा उल्कापाषाण म्हणतात. जो पडताना लोकांनी पाहिला आणि नंतर गोळा केला, तो ‘पडलेला’ अशनी. जो केव्हा पडला हे कोणालाच माहीत नाही, पण नंतर शेतात, वाळवंटात किंवा बर्फावर मिळाला, तो ‘सापडलेला’ अशनी. नोंदवहीत हा फरक अगदी सुरुवातीलाच केलेला असतो. आज मान्यताप्राप्त अशनींची संख्या ७० हजारांच्या वर गेली आहे. त्यांपैकी पडताना पाहिलेले अशनी मात्र १,२०० हून थोडेसेच अधिक आहेत.

आकाशातून दगड पडतात, ही गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातील बहुतेक विद्वानांना मान्य नव्हती. गावकऱ्यांनी सांगितलेल्या हकिकती ते भाकडकथा मानत. १७९४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ क्लाडनी यांनी अशा हकिकती एकत्र करून हे दगड पृथ्वीबाहेरून येतात असे मांडले, तेव्हा त्यांची थट्टाच अधिक झाली.

पुरावा मिळाला तो वेगवेगळ्या ठिकाणच्या दगडांची तुलना केल्यावर. १९ डिसेंबर १७९८ च्या रात्री बनारसजवळ क्राखुत येथे दगडांचा वर्षाव झाला. तेथील एका इंग्रज रहिवाशाने प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून माहिती गोळा केली आणि ती दगडांसह लंडनला पाठवली. तेथे एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने चार दगड शेजारी शेजारी ठेवले: बनारसचा, इटलीतील सिएना येथे १७९४ मध्ये पडलेला, इंग्लंडमध्ये १७९५ मध्ये पडलेला आणि बोहेमियातील एक जुना. खनिजतज्ज्ञ बूर्नो यांनी प्रत्येक दगडातील कण वेगळे करून दिले आणि हॉवर्डने त्यांचे पृथक्करण केले. १८०२ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. चारही दगडांतील लोखंडाच्या कणांत निकेल होते. त्यांची घडण एकमेकांशी जुळत होती आणि ते जेथे पडले तेथील खडकांशी मात्र जुळत नव्हती.

या युक्तिवादाचा कणा कोणता, हे विद्यार्थ्यांना विचारण्यासारखे आहे. नुसते पृथक्करण पुरेसे नव्हते. हे दगड हजारो मैलांच्या अंतरावरून, वेगवेगळ्या वर्षी आले होते, ही माहिती त्यांच्याबरोबर होती म्हणून त्यांच्यातील सारखेपणाला अर्थ आला. चिठ्ठ्या नसत्या, तर चौघेही एकाच खाणीतले आहेत, असे कोणीही म्हटले असते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८०३ मध्ये, फ्रान्समधील लेग्ल येथे सुमारे तीन हजार दगड पडले. बियो या तरुण शास्त्रज्ञाने गावोगाव फिरून, कोणता दगड कोठे मिळाला याची पद्धतशीर नोंद केली. त्यानंतर शंका घेणारे फारसे उरले नाहीत आणि संग्रहालये अशनी जमवू लागली. व्हिएन्ना, लंडन, पॅरिस आणि कोलकाता ही एकोणिसाव्या शतकातील महत्त्वाच्या संग्रहांची ठिकाणे होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहाची सूची कॉगिन ब्राउन यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. लंडनच्या संग्रहाच्या निमित्ताने प्रायर यांनी जगातील अशनींची सूची १९२३ मध्ये काढली. तिची पाचवी आवृत्ती २००० साली आली आणि तीत २२ हजारांहून अधिक अशनी होते. नव्या अशनींच्या अधिकृत घोषणांची पत्रिका १९५७ पासून निघते. आता ही सगळी माहिती संगणकावर कोणालाही पाहता येते.

नोंदीत काय असते?

एका अशनीच्या नोंदीत साधारण पुढील गोष्टी असतात: नाव, पडण्याची किंवा सापडण्याची जागा, अक्षांश-रेखांश, तारीख व वेळ, तुकड्यांची संख्या, एकूण वजन, वर्ग, मुख्य तुकडा कोणाकडे आहे आणि संग्रहालयात तो कसा आला, म्हणजे देणगीतून, अदलाबदलीतून की विकत घेऊन.

नावाचा नियम सोपा आहे. अशनीला जवळच्या गावाचे, डोंगराचे किंवा नदीचे नाव मिळते, सापडणाऱ्याचे नाही. महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पाहा. २९ जून १८४३ रोजी खानदेशातील मानेगाव येथे एक अशनी पडला. त्यातला फार थोडा भाग आज संग्रहांत शिल्लक आहे. तो ‘डायोजेनाइट’ या दुर्मीळ गटातला असून, या गटातील दगड वेस्टा या मोठ्या लघुग्रहावरून येत असावेत असे मानले जाते. २०११-१२ मध्ये वेस्टाभोवती फिरलेल्या डॉन यानाच्या निरीक्षणांनी या मताला बळकटी दिली. दुसरे उदाहरण अलीकडचे. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात अशनींचा वर्षाव झाला. त्यातील एका तुकड्यात ब्रिजमॅनाइट हे खनिज आढळल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. पृथ्वीच्या पोटात, खालच्या प्रावरणात, हे खनिज सर्वांत विपुल आहे. पण तेथून ते आपल्या हाती येत नाही. काटोलच्या दगडात ते अवकाशातील जबर टकरीच्या दाबाने तयार झाले होते.

जुन्या लिखाणात मानेगावचे स्पेलिंग वेगळे आहे. शेरघाटीचे शेरगॉटी झाले, आणि क्राखुतचा अशनी बनारस या नावाने ओळखला जातो. म्हणून प्रत्येक नोंदीत पर्यायी नावेही द्यावी लागतात. नाही तर एकाच दगडाचे दोन तुकडे दोन संग्रहालयांत दोन नावांनी राहतात आणि एकाचे दोन अशनी होऊन बसतात.

नवे नाव मान्य व्हायचे असेल, तर अशनीचा ठरावीक भाग संशोधनासाठी एखाद्या संस्थेत कायमचा ठेवावा लागतो. २० ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या २० टक्के, यांपैकी जे कमी असेल तेवढा भाग. पाच किलोच्या अशनीसाठी तो किती आणि ६० ग्रॅमच्या अशनीसाठी किती, हे सातवीच्या वर्गाला विचारावे. उत्तरे २० ग्रॅम आणि १२ ग्रॅम अशी येतील.

वाळवंटात आणि बर्फावर गावे नसतात आणि दगड हजारोंनी मिळतात. तेथे प्रदेशाचे नाव आणि क्रमांक देतात. सहाराच्या परिसरात मिळालेले कित्येक अशनी व्यापाऱ्यांमार्फत बाजारात येतात. ते नेमके कोठे उचलले, हे कोणी सांगत नाही. त्यांना ‘नॉर्थ-वेस्ट आफ्रिका’ आणि पुढे क्रमांक, एवढेच नाव मिळते. हजारो दगड या नावाखाली आहेत. त्यांपैकी कोणते एकाच अशनीचे तुकडे आहेत, ते किती क्षेत्रात विखुरले होते, हे प्रश्न बहुतेक वेळा अनुत्तरितच राहतात. दगड उत्तम असतो, पण त्याच्याबरोबरची अर्धी माहिती वाळवंटातच राहून गेलेली असते.

तुकड्याचा क्रमांक आणि वजनाचा हिशोब

नाव अशनीचे असते, क्रमांक तुकड्याचा असतो. याची एक सुटसुटीत पद्धत अमेरिकेतील हार्वी निनिंजर यांनी वापरली. ते कॅन्ससमधील एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. १९२३ मध्ये त्यांनी आकाशातून जाणारा एक मोठा अग्निगोल पाहिला आणि तेव्हापासून ते अशनींच्या मागे लागले. गावोगाव व्याख्याने देऊन, शेतकऱ्यांना नांगराला लागलेले विचित्र जड दगड दाखवायला सांगून, त्यांनी फार मोठा संग्रह उभा केला. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक अशनीला एक क्रमांक आणि त्याच्या प्रत्येक तुकड्याला दुसरा क्रमांक असे. समजा, तुकड्यावर २७.१४ असे लिहिले आहे. तर तो २७ व्या अशनीचा १४ वा तुकडा. हे आकडे दगडावरच रंगाने लिहिलेले असत. त्यांचा संग्रह पुढे विभागला गेला: एक भाग १९५८ मध्ये लंडनला आणि उरलेला १९६० मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठाला. कागदाची चिठ्ठी हरवली, तरी रंगवलेल्या आकड्यावरून आजही तुकडा ओळखता येतो.

अंटार्क्टिकातून आणलेल्या नमुन्यांत ही कल्पना आणखी पुढे नेली आहे. मूळ दगडाच्या क्रमांकानंतर स्वल्पविराम देऊन प्रत्येक तुकड्याचा क्रमांक लिहितात. तुकड्याचे पुन्हा तुकडे केले, की त्यांना नवे क्रमांक मिळतात आणि कोणता कोणापासून निघाला, हे वंशावळीसारखे मांडून ठेवतात. त्यामुळे मोजमाप दगडाच्या बाहेरच्या जळक्या कवचाजवळचे आहे की गाभ्यातले, हे संशोधकाला कळते.

वंशावळीबरोबर वजनाचा हिशोबही असतो. अशनी करवतीने कापला, की थोडा भुगा होतो. काही भाग रासायनिक पृथक्करणात विरघळून जातो. नियम असा, की उरलेले तुकडे, उसने दिलेले तुकडे, भुगा आणि खर्च झालेला भाग यांची बेरीज मूळ वजनाइतकी यायला हवी. ती आली नाही, तर काहीतरी हरवले आहे किंवा दुसऱ्याच दगडाचा तुकडा यात मिसळला आहे.

नोंदीत तुकडे स्वतंत्र ठेवण्याचे महत्त्व १९६९ मध्ये दिसून आले. जपानी मोहिमेतील शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकातील यामातो पर्वतांजवळ एका लहानशा क्षेत्रात नऊ अशनी मिळाले. इतके जवळ जवळ मिळालेले दगड एकाच अशनीचे तुकडे असणार, असे कोणालाही वाटले असते. पण प्रत्येकाची वेगळी नोंद होती आणि प्रत्येकाची वेगळी तपासणी झाली. त्यांचे प्रकार निरनिराळे निघाले. यावरून हे लक्षात आले, की वाहता बर्फ दूरदूरचे अशनी एका जागी आणून गोळा करतो. त्यानंतर अंटार्क्टिकात अशनी शोधण्याच्या मोहिमा नियमित सुरू झाल्या आणि तेथून हजारो नमुने मिळाले.

तारखेचा उपयोग

चिठ्ठीवरची तारीख केवळ इतिहासासाठी असते असे वाटेल. ती मोजमापाचाही भाग होऊ शकते.

अवकाशात फिरताना दगडावर विश्वकिरणांचा मारा होत असतो. या माऱ्याने दगडातील लोखंड आणि निकेलच्या अणूंपासून टायटॅनियम-४४ हे किरणोत्सारी समस्थानिक तयार होते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ६० वर्षे आहे. सूर्य जोरात असतो, तेव्हा त्याचे चुंबकीय क्षेत्र विश्वकिरणांना अडवते आणि टायटॅनियम-४४ कमी तयार होते. सूर्य शांत असतो, तेव्हा ते जास्त तयार होते. दगड पृथ्वीवर पडला, की वातावरणाच्या आवरणामुळे ही निर्मिती जवळजवळ थांबते आणि आधी झालेला साठा फक्त घटत जातो.

म्हणजे वेगवेगळ्या वर्षी पडलेले अशनी तपासले, तर सूर्य त्या त्या काळात किती जोमात होता, हे सांगता येईल. इटलीतील तुरीनचे शास्त्रज्ञ आणि अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतील नरेंद्र भांडारी यांनी असे मोजमाप करून १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यासाठी त्यांनी सुमारे दीडशे वर्षांत पडलेले अशनी संग्रहालयांतून घेतले. दगड न फोडता केवळ त्यांतून निघणारे गॅमा किरण मोजले.

आता तारखेचे महत्त्व आकड्यांत पाहू. समजा, एक अशनी १२० वर्षांपूर्वी पडला. म्हणजे दोन अर्धायुकाल झाले आणि साठा एक चतुर्थांश उरला. आज १०० एकक मिळाले, तर पडताना ४०० एकक होते. पण नोंदवहीत चुकून तो ६० वर्षांपूर्वी पडला असे लिहिले असेल, तर आपण पडतानाचा साठा २०० एकक धरू. उत्तर निम्मे येईल. सूर्याच्या चढ-उतारांमुळे पडणारा फरक याहून लहान असतो. तो या चुकीत बुडून जाईल. १८६० च्या सुमारास नोंदवहीत तारीख लिहिणाऱ्या कारकुनाला किरणोत्सार ही गोष्टच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने तारीख बरोबर लिहिली, एवढे काम पुरले.

निरीक्षण वेगळे, मत वेगळे

नोंदीतील सर्व रकाने सारख्या वजनाचे नसतात. जागा, तारीख, वजन ही निरीक्षणे आहेत. ‘वर्ग’ हा रकाना मात्र त्या वेळच्या तज्ज्ञाचे मत असतो, आणि मत बदलू शकते.

याचे प्रसिद्ध उदाहरण अंटार्क्टिकातील ॲलन हिल्स ८४००१ या अशनीचे आहे. यातील ८४ हे १९८४-८५ च्या मोहिमेचे निदर्शक आहे आणि ००१ म्हणजे प्रयोगशाळेत क्रमांक मिळालेला त्या वर्षीचा पहिला दगड. वजन सुमारे १.९ किलोग्रॅम. सुरुवातीला तो डायोजेनाइट म्हणून, म्हणजे आपल्या मानेगावच्या गटात, नोंदवला गेला. काही वर्षांनी डायोजेनाइटांचाच अभ्यास करणाऱ्या डेव्हिड मिटलफेल्ट यांना या दगडातील खनिजे गटाशी जुळत नसल्याचे आढळले. अधिक तपासानंतर १९९३ मध्ये तो मंगळावरचा असल्याचे स्पष्ट झाले. १९९६ मध्ये त्यात प्राचीन सूक्ष्मजीवांच्या खुणा असल्याचा दावा झाला आणि तो जगभर गाजला. आज बहुतेक शास्त्रज्ञ त्या खुणांचे स्पष्टीकरण सजीवांशिवाय देता येते असे मानतात. पण दगड मंगळाचा आहे, याबद्दल दुमत नाही.

येथे लक्षात घ्यायचे ते हे, की वर्ग चुकला तरी नोंद निरुपयोगी झाली नाही. कोणता तुकडा कोणाला दिला, कोणता काप कोणत्या भागाचा, हे सर्व जागेवर होते. म्हणून चूक सापडली आणि दुरुस्तही झाली. चांगल्या नोंदवहीत जुने मत खोडून टाकत नाहीत. त्याखाली नवे मत, तारीख आणि नाव लिहितात.

दगड कोणाच्या हातांतून गेला, हेही लिहावे लागते. १४ मे १८६४ रोजी फ्रान्समधील ऑर्ग्येल येथे पडलेल्या कार्बनयुक्त अशनीचा एक तुकडा मोंतोबाँच्या संग्रहालयात बंद बरणीत जपून ठेवलेला होता. शंभर वर्षांनी तो तपासला, तेव्हा त्यात चक्क वनस्पतीची बी मिळाली! बारकाईने पाहिल्यावर कळले, की कोणीतरी फार पूर्वीच दगडात बी आणि कोळशाचे तुकडे घालून वरून डिंक लावला होता. बाकीच्या तुकड्यांच्या स्वतंत्र नोंदी असल्यामुळे लबाडी या एका तुकड्यापुरतीच आहे, हे ठरवता आले.

लोहचुंबकाचे उदाहरण तर आपल्या शिक्षकांसाठी फारच महत्त्वाचे आहे. अशनी ओळखण्यासाठी लोहचुंबक लावून पाहा, असे कित्येक पुस्तकांत लिहिलेले असते. पण काही अशनींत ते जेथे घडले तेथील प्राचीन चुंबकीय क्षेत्राची छाप असते. हातातील शक्तिशाली चुंबक जवळ नेताच ती पुसली जाते. मंगळावरून आलेल्या आणि सहाराच्या परिसरात सापडलेल्या एका प्राचीन अशनीच्या तुकड्यांबाबत असेच झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले आहे. एका क्षणाच्या कुतूहलाने कोट्यवधी वर्षांची नोंद गेली.

वर्गात करण्यासारखे

अशनी शाळेत मिळणार नाहीत. पण नोंद करण्याची शिस्त कोणत्याही दगडांवर शिकवता येते.

एक : प्रत्येक विद्यार्थ्याने गावातील वेगळ्या जागेवरून एक दगड आणावा. दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर शाईने क्रमांक लिहावा. वहीत क्रमांक, जागा, तारीख, वजन, आणणाऱ्याचे नाव आणि वर्णन लिहावे. ‘हा कोणता खडक असावा’ हा रकाना शेवटी आणि पेन्सिलने भरावा. नंतर दुसऱ्या गटाने केवळ वही वाचून दगड जेथून आणला ती जागा शोधून काढावी. शाळेजवळ, आंब्याच्या झाडाखाली, असे लिहिणाऱ्याला आपल्या नोंदीतील उणीव लगेच कळते.

दोन : गुळाचा साधारण पाव किलोचा खडा वजन करून घ्यावा. त्याचे सुरीने आठ-दहा तुकडे करून प्रत्येकाचे वजन लिहावे. भुग्याचेही करावे. बेरीज मूळ वजनाशी जुळते का? फरक किती? तो काट्याचा, की कोणाच्या तोंडात गेलेल्या तुकड्याचा? हा हिशोब मुले आवडीने करतात.

तीन : निम्म्या दगडांवरील क्रमांक पुसावेत आणि वहीवरून ते परत ओळखायला सांगावेत. वर्णन नेमके असेल तर काही ओळखता येतील, काही येणार नाहीत. न ओळखता आलेले दगड बाजूला ठेवून त्यांच्याबद्दल आता काय काय सांगता येत नाही, याची यादी मुलांकडून करून घ्यावी.

आणि खरोखरच आपल्या परिसरात दगड पडला तर? तशी संधी फार क्वचित येते. पण काटोलमध्ये आली होती. अशा वेळी तो धुऊ नये, फोडू नये, चुंबक लावू नये. उचलण्याआधी जागेवरच शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. खड्डा पडला असेल तर त्याची रुंदी व खोली मोजावी. स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत, शक्यतो हात न लावता, दगड ठेवावा. आवाज किती वेळा झाला, उजेड कोणत्या दिशेने आला, हे ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना वेगवेगळे विचारून लिहून घ्यावे. एकत्र विचारले, की सगळ्यांची हकिकत एकसारखी होते. तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशात पडलेल्या अशनींचे जतन करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आहे.

दगडाचे वजन नंतर कोणीही करू शकेल, आणि त्यातली खनिजे पन्नास वर्षांनीही तपासता येतील. तो कोणत्या शेतात, किती वाजता, कोणासमोर पडला, हे मात्र त्याच दिवशी लिहावे लागते. ते काम बहुधा गावातल्या शिक्षकाकडेच येईल.